हीट पंपाकडून पाणी किती गरम मागायचं? घरगुती एअर सोर्स हीट पंपाचं परीक्षण

बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरातलं पाणी तापवणारा, त्यावर खोल्या उबदार ठेवणारा आणि आंघोळीचं पाणी देणारा एअर सोर्स हीट पंप हे यंत्र म्हणून पक्कं आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, मोठी कॉइल, एक-दोन पंखे आणि पाण्याचा प्लेट हीट एक्स्चेंजर एवढाच त्याचा संसार. काही जाळावं लागत नाही, धुराडं नाही. नीट बसवला आणि वेळच्या वेळी साफ ठेवला तर तो पंधरा-वीस वर्षं सहज चालतो. तरीही एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे दोन पंप सारख्याच दोन घरांत बसवले, तर एका घरात वर्षाची सरासरी एका युनिट विजेला चार युनिट उष्णता अशी येते आणि दुसऱ्या घरात ती अडीचवर अडकून बसते. दोन्ही डबे कारखान्यातून सारखेच निघालेले असतात. दुसऱ्या घरात त्याच्याकडून गरजेपेक्षा जास्त गरम पाणी मागितलेलं असतं. म्हणून इथे यंत्रापेक्षा त्याच्या सेटिंगबद्दल आणि देखभालीबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे परीक्षण ५ ते १२ किलोवॅटच्या मोनोब्लॉक पंपांचं आहे. मोनोब्लॉकमध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या गॅसचं (रेफ्रिजरंटचं) सगळं चक्र बाहेरच्या डब्यात, म्हणजे आउटडोअरमध्येच फिरतं आणि घरात फक्त पाण्याच्या दोन नळ्या येतात. स्प्लिट पंपात गॅसच्या नळ्या घरात येतात, पण वापराचे नियम बहुतेक तेच.

तापमानाचा हिशेब

एक युनिट वीज खर्चून जितकी युनिट उष्णता मिळते त्या आकड्याला सीओपी म्हणतात. कॅटलॉगवर छापलेला साडेचार-पाचचा आकडा खोटा नसतो, पण तो बाहेर ७ अंश आणि जाणारं पाणी ३५ अंश असतानाचा असतो. त्याच हवेत ५५ अंशांचं पाणी मागितलं की तोच पंप तीनच्या आसपास येतो. याला कारण उष्णतेचा मूळ नियम आहे. आदर्श यंत्राचा सीओपी म्हणजे गरम बाजूचं तापमान भागिले दोन्ही बाजूंमधला फरक, आणि तापमान केल्व्हिनमध्ये धरायचं. ३५ अंशांसाठी ३०८ भागिले २८, म्हणजे ११. ५५ अंशांसाठी ३२८ भागिले ४८, म्हणजे ६.८. खरं यंत्र या आदर्शाच्या साधारण ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत पोचतं. ज्यांच्या नावाने ही केल्व्हिन मोजपट्टी ओळखली जाते, त्या विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनीच १८५२ मध्ये हीट पंपाची कल्पना मांडली होती. तेव्हापासून कॉम्प्रेसर कितीतरी सुधारले, हा भागाकार मात्र तसाच आहे.

व्यवहारातला ठोकताळा असा: जाणारं पाणी १ अंशाने उतरवलं की वीज सुमारे २ ते २.५ टक्के वाचते. ५५ वरून ४५ वर आलात तर बिलाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही थोडा जास्त, वाचतो. त्यासाठी एकही सुटा भाग बदलावा लागत नाही.

मग सगळेच ३५ वर का चालवत नाहीत? कारण कमी गरम पाणी खोलीला कमी उष्णता देतं आणि तिथे रेडिएटरचा, म्हणजे ज्यातून गरम पाणी फिरून खोली तापते त्या पॅनेलचा, आकार आडवा येतो. रेडिएटरवर छापलेली क्षमता पाणी ७५ अंशांनी आत, ६५ ने बाहेर आणि खोली २० अंश असताना मोजलेली असते, म्हणजे पाणी आणि हवा यांत सरासरी ५० अंशांचा फरक. हा फरक ३० अंशांवर आला की तोच रेडिएटर छापील क्षमतेच्या ५१ टक्केच देतो, २५ वर ४० टक्के आणि २० वर जेमतेम ३० टक्के. समजा एका खोलीची गरज कडाक्याच्या थंडीत ८०० वॉट आहे आणि पाणी सरासरी ४५ अंशांवर ठेवायचं आहे. फरक झाला २५ अंश. तर तिथे छापील २००० वॉटचा रेडिएटर लागेल. सगळे रेडिएटर बदलायची गरज सहसा पडत नाही. हिशेब मांडला की दोन-तीन खोल्याच अडसर ठरतात आणि त्यांच्यापायी अख्ख्या घराचं पाणी दहा अंश जास्त तापवलं जातं. तेवढे दोन-तीन रेडिएटर दुहेरी किंवा तिहेरी पॅनेलचे घ्यावेत. या खरेदीइतका परतावा दुसऱ्या कशातून मिळत नाही. फरशीखाली नळ्या असतील तर प्रश्नच नाही, ३० ते ३५ अंशांचं पाणी पुरतं.

पाण्याचा प्रवाहही याच हिशेबात येतो. जळणावर चालणाऱ्या जुन्या बॉयलरला, जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक चालायचा, हीट पंपाला ५ अंशांच्या आसपास हवा. सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: किलोवॅट म्हणजे मिनिटाला वाहणारे लिटर, गुणिले अंशांचा फरक, गुणिले ०.०७. ६ किलोवॅट ५ अंशांच्या फरकाने नेण्यासाठी मिनिटाला १७ लिटर पाणी फिरायला हवं. २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीतून ते आरामात जातं. १५ मिलिमीटरच्या फाट्याला अडीच किलोवॅटपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, नाहीतर पाण्याचा आवाज येतो आणि पाणी फिरवणाऱ्या सर्क्युलेशन पंपावर ताण पडतो. जुन्या घरांतल्या ८-१० मिलिमीटरच्या बारीक नळ्यांवर हीट पंप जोडून देणारा माणूस हा हिशेब दाखवत नसेल, तर काम तिथेच थांबवा.

कर्व्ह बसवण्याची रीत

जवळपास प्रत्येक पंपात हवामानानुसार पाण्याचं तापमान ठरवणारी सोय असते. बाहेर थंडी वाढली की पाणी आपोआप जास्त गरम होतं, हवा उबदार झाली की उतरतं. या उताराला हीटिंग कर्व्ह म्हणतात. या यंत्रातली सर्वांत मोलाची सोय हीच, आणि सर्वांत दुर्लक्षितही हीच. बसवणारी मंडळी तक्रार नको म्हणून कर्व्ह चढी ठेवून जातात, काही तर ती बंद करून सरळ ५० अंशांवर खिळा ठोकतात. घर गरम होतं, म्हणून कुणी शंका घेत नाही.

उदाहरणादाखल एक कर्व्ह घेऊ. बाहेर उणे ५ असताना पाणी ४५ अंश, बाहेर १५ असताना २८ अंश. मधल्या तापमानाला पंप सरळ रेषेत भाग पाडतो, म्हणजे बाहेर ५ अंश असताना ३६.५. आता ही कर्व्ह आपल्या घराला बेतायची कशी? आधी सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि खोलीतला थर्मोस्टॅट २४-२५ वर नेऊन ठेवा, म्हणजे तो मध्येच पंप बंद पाडणार नाही. मग कर्व्ह १ किंवा २ अंशांनी खाली घ्या आणि थांबा. रेडिएटरच्या घरात पूर्ण एक दिवस, फरशीखालच्या नळ्या असतील तर दोन ते तीन दिवस. भिंती आणि फरशी यांत साठलेली उष्णता उतरायला वेळ लागतो, तासाभरात निष्कर्ष काढला तर तो चुकतोच. असं उतरत जा, जोवर एखादी खोली नकोशी थंड होत नाही. ती खोली सापडली की लगेच कर्व्ह चढवू नका. आधी बाकीच्या खोल्यांचे रेडिएटर तळाच्या लॉकशील्ड व्हॉल्व्हवर पाव-पाव फेरा कमी करून त्या खोलीकडे पाणी वळतं का बघा. नाहीच जमलं, तर १ अंश वर.

पुढे एक बारकावा आहे. घर फक्त कडक थंडीतच गार पडत असेल तर कर्व्हचं थंड टोक वर उचला. कडक थंडीत ठीक, पण १०-१२ अंशांच्या दिवशी गार वाटत असेल तर गरम टोक उचला. दोन्ही वेळा गार असेल तरच अख्खी रेषा वर सरकवा. हे न पाहता सरसकट रेषाच सरकवली की सबंध मोसम वीज वाया जाते.

थर्मोस्टॅटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पंपाचा स्वतःचा नियंत्रक सोडून बाहेरचा चालू-बंद थर्मोस्टॅट लावला की पंप तासभर जोर काढतो, मग गप्प बसतो, मग पुन्हा जोर. कमी तापमानाचं पाणी सावकाश, तासन् तास फिरत राहणं हीच हीट पंपाची चाल आहे. रात्री घर २ अंशांनी उतरवलं तर चालतं, ५-६ अंशांनी उतरवलं तर पहाटे ते अंगाशी येतं. २४ किलोवॅटच्या बॉयलरला जे अर्ध्या तासात जमायचं ते ६ किलोवॅटच्या पंपाला जमत नाही. तो पाणी चढवतो, मदतीला विजेचा बॅकअप हीटर ओढतो आणि रात्री वाचलेलं सकाळी निघून जातं. न वापरत्या खोल्या पूर्ण बंद ठेवण्याचंही तसंच. चालू रेडिएटर कमी राहिले की पंपाला आपली उष्णता टाकायला जागा उरत नाही आणि उघड्या खोल्यांना जास्त गरम पाणी लागतं.

वारंवार चालू-बंद होणं

मोठा पंप घेतला तर बरं, हा समज पंपाच्या मुळावर येतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर साधारण आपल्या क्षमतेच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंतच खाली येऊ शकतो. १२ किलोवॅटचा पंप सव्वातीन-साडेतीन किलोवॅटच्या खाली उतरत नाही आणि सौम्य थंडीत घराची गरज दीड-दोन किलोवॅटच असते. मग पंप सुरू होतो, दहा मिनिटांत पाणी ठरल्यापेक्षा वर जातं, बंद पडतो, पुन्हा सुरू. प्रत्येक वेळी सुरुवातीची काही मिनिटं अकार्यक्षम जातात आणि कॉम्प्रेसर झिजतो तोही सुरू होतानाच जास्त. तासाला तीनपेक्षा जास्त वेळा सुरू होत असेल तर कारण शोधायला लागा. आधी कर्व्ह आणि बंद व्हॉल्व्ह तपासा. नंतर जास्तीत जास्त कॉम्प्रेसर फ्रिक्वेन्सीला मर्यादा घालता येते का आणि पाणी ठरल्यापेक्षा किती अंश वर गेल्यावर पंप थांबतो हे पहा. खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब न करता केवळ घराच्या क्षेत्रफळावरून पंप सुचवणाऱ्याकडून पंप घेऊ नये.

पंप आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाणी साठवणारी बफर टाकीही जपून लावायची. ती उपयोगाची असते, पण चार तोंडांनी जोडलेल्या बफरमध्ये जाणारं आणि येणारं पाणी मिसळतं. पंप ४५ चं पाणी देतो, रेडिएटरला पोचतं ४० चं. पाच अंश तिथेच गेले, आणि वरचा ठोकताळा लावा म्हणजे दहा-बारा टक्के वीज गेली. तपासायला सोपं आहे. बफरच्या दोन्ही बाजूंच्या जाणाऱ्या नळ्यांवर एकसारखे दोन थर्मामीटर टेप लावून चिकटवा, वर इन्सुलेशन गुंडाळा आणि दहा मिनिटांनी वाचा. आकड्यांत अर्धा-एक अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर दोन्ही बाजूंच्या सर्क्युलेशन पंपांचा वेग जुळवून घ्या. जिथे शक्य असेल तिथे बफर परतीच्या नळीवर, दोनच तोंडांनी जोडलेला आम्हाला जास्त पटतो. पाण्याचा साठा मिळतो आणि मिसळण होत नाही.

आंघोळीचं पाणी

२०० लिटर पाणी १५ वरून ५० अंशांवर न्यायला ८.१ युनिट उष्णता लागते. साध्या हीटर रॉडने तेवढीच वीज जाते, हीट पंपाने सीओपी तीन धरला तर २.७ युनिट. हा फायदा पदरात पाडून घ्यायचा तर टाकीतल्या कॉइलचं क्षेत्रफळ विचारा. हीट पंपाच्या टाकीत ते ३ चौरस मीटरच्या घरात हवं. बॉयलरसाठी बनवलेल्या जुन्या टाकीतली कॉइल एक चौरस मीटरही नसते. ती पंपाची उष्णता उचलू शकत नाही, जाणारं पाणी झपाट्याने ५५-६० वर चढतं आणि टाकी अर्धवट गरम असतानाच पंप हात टेकतो.

रोजच्यासाठी ४८ ते ५० अंश पुरतात. टाकी ठरलेल्या तापमानाच्या ८-१० अंश खाली गेल्यावरच पुन्हा तापवायला सांगा. हा फरक २-३ अंशांवर ठेवला तर पंप दिवसभरात अनेकदा, आणि नेमका सर्वांत महागड्या तापमानाला, सुरू होतो. तापवायची वेळ दुपारची ठेवा, तेव्हा बाहेरची हवा सर्वांत उबदार असते.

एका बाबतीत काटकसर करायची नाही. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, ६० अंशांवर ते काही मिनिटांत मरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० पर्यंत नेणारं चक्र चालू असलंच पाहिजे. पंपाने तेवढं होत नसेल तर शेवटचे अंश रॉडने चढवा. घरात वयस्कर माणसं किंवा कमी प्रतिकारशक्तीची कुणी असतील तर हे चक्र कधीही बंद करू नका. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं, त्यामुळे टाकीच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह हवा.

बाहेर वाफ दिसली तर

पहिल्या हिवाळ्यात सर्वांत जास्त फोन येतात ते डीफ्रॉस्टवरून. बाहेर २-३ अंश आणि दमट हवा असली की कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्या पातळ पत्र्यांवर, म्हणजे फिनवर, पांढरा भुरका दव-बर्फ धरू लागतो. हवेची वाट अरुंद होते, पंख्याचा आवाज थोडा भरडा येतो. मग पंखा थांबतो, फोर-वे व्हॉल्व्ह ठक् करून फिरतो, फुस्स असा आवाज येतो आणि गॅस उलटा वाहू लागतो. घरातल्या पाण्याची उष्णता घेऊन कॉइल तापते. मिनिटाभरात वरपासून खालपर्यंत बर्फ सुटतो, तळातून पाण्याची धार लागते आणि पंखा पुन्हा फिरला की वाफेचा ढग उठतो. ती वाफच असते. तीन ते आठ मिनिटांत सगळं आटोपतं.

दमट थंडीत तासा-दीड तासाने एकदा हे होणं स्वाभाविक आहे. कोरड्या थंडीतही अर्ध्या-पाऊण तासाला होत असेल तर काहीतरी बिघडलंय: कॉइल घाणीने भरली आहे, पाण्याचा प्रवाह कमी आहे, गॅस कमी आहे, किंवा आउटडोअर अशा कोपऱ्यात आहे जिथे त्याने बाहेर टाकलेली गार हवा पुन्हा मागून आत शिरते. मागे निदान ३० सेंटिमीटर आणि पुढे १ मीटर मोकळं सोडा. पुढे शोभेची जाळी किंवा झुडूप नको. बर्फ कुठे राहतो तेही सांगून जातं. डीफ्रॉस्टनंतरही तळाशीच बर्फ उरत असेल तर पाणी निघायची वाट तुंबली आहे किंवा तळाचा हीटर गेला आहे. बर्फ फक्त एका कोपऱ्यात, गॅस कॉइलमध्ये शिरतो तिथेच धरत असेल आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी असल्याची दाट शंका घ्या.

डीफ्रॉस्टचं पाणी दिवसाकाठी कित्येक लिटर होतं. आउटडोअर जमिनीपासून वर, स्टँडवर ठेवा आणि खाली खडीचा खड्डा करा. पाणी पायवाटेवर वाहू दिलं तर तिथे काचेसारखा बर्फ धरतो आणि माणूस घसरतो.

जाळी, दाब आणि फिन

देखभालीतलं सर्वांत महत्त्वाचं काम दहा मिनिटांचं आहे: परतीच्या नळीवरची जाळी धुणं. पहिल्यांदा आठवड्याने, मग महिन्याने, मग वर्षातून एकदा. पंप नियंत्रकावरून बंद करा, सर्क्युलेशन पंप थांबेपर्यंत वाट पहा. जाळीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह आडवे करा. खाली भांडं धरून टोपी पान्याने अर्धा फेरा सैल करा, दाब सुटू द्या, मग पूर्ण काढा. आतली जाळी उजेडात धरून बघा. नवीन घरात तिच्यावर तांब्याच्या नळीचा कीस आणि टेफ्लॉनचे धागे दिसतात. जुन्या रेडिएटरच्या घरात काजळासारखा काळा, बोटाला चिकटणारा गाळ असतो. तो लोखंडाचा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, आणि चुंबकाला चिकटतो. जुन्या दातघासणीने धुवा, टोपीची रबरी रिंग चिरली नाही ना पहा, परत बसवा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, हवा काढा, दाब बघा. शेवटी नियंत्रकावर प्रवाहाचा आकडा वाचून लिहून ठेवा.

हा आकडा का लिहायचा? ६ किलोवॅटच्या पंपाचा प्रवाह १७ लिटरवरून १० वर आला की पाण्यातला फरक ५ वरून साडेआठ अंशांवर जातो. रेडिएटरचं सरासरी तापमान तेच ठेवायचं तर जाणारं पाणी दोनेक अंश वर न्यावं लागतं. वीज चार-पाच टक्के वाढते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आणखी तुंबली की मग एरर येऊन गाडं अडतं. जुने रेडिएटर असतील तर जाळीच्या आधी चुंबकीय फिल्टर बसवलेलाच बरा.

दाब थंड असताना १.२ ते १.५ बार हवा. हीट पंपाच्या पाण्याचं तापमान फारसं खालीवर होत नाही, त्यामुळे दाबही फारसा हलत नाही. तो रोज अर्ध्या-एक बारने डोलत असेल तर तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या एक्स्पान्शन टँकवर संशय घ्या. टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हची टोचणी क्षणभर दाबा. पाणी आलं तर आतला पडदा फाटला आहे, टँक बदला. हवा आली तर पाण्याचा दाब शून्यावर आणून हवेचा दाब मोजा. तो टँकवर लिहिल्याइतका, साधारण १ बार, हवा. वरचेवर पाणी भरत राहणं हा उपाय नव्हे. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि तोच काळा गाळ पुन्हा तयार होतो.

कॉइल वर्षातून एकदा, झाडांखाली किंवा समुद्राजवळ असेल तर दोन-तीनदा साफ करा. बाहेरचा स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा, कपॅसिटरमध्ये वीज राहते. पाला हाताने काढा. मऊ ब्रश फिनच्या दिशेने, वरून खाली फिरवा, आडवा कधीच नाही. मग नळीने हलकी धार सोडा. प्रेशर वॉशर लावायचा नाही. फिनचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो, एका फटकाऱ्यात तो झोपतो आणि हवा तिथे कायमची बंद होते.

पाणी गोठण्यापासून बचावाचे दोन मार्ग आहेत आणि ते एकत्र वापरायचे नाहीत. एक म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. २५ टक्के मिसळलं तर उणे १० अंशांच्या आसपास संरक्षण मिळतं, पण पाणी दाट होतं आणि उष्णता वाहण्याची ताकद थोडी घटते. दरवर्षी रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण आणि पट्टीने पीएच तपासा. पीएच ७ च्या खाली गेला की द्रव आम्ल होऊन धातू खाऊ लागतो, तो पूर्ण बदला. दुसरा मार्ग अँटिफ्रीझ व्हॉल्व्हचा. नळीतलं पाणी ३ अंशांच्या आसपास आलं की तो उघडून पाणी सोडून देतो. ग्लायकॉल घातलेल्या घरात हा व्हॉल्व्ह लावला तर एका थंड रात्री वीज गेली की सगळं ग्लायकॉल जमिनीत. जिथे वीज सहसा जात नाही तिथे आम्ही व्हॉल्व्हच पसंत करू, कारण साधं पाणीच उत्तम वाहतं.

टाकीला गंजण्यापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियम एनोड रॉड वर्षातून एकदा पहा, तो झिजून तृतीयांश उरला की बदला. सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका वर्षातून एकदा फिरवा, नाहीतर क्षाराने तो चिकटून बसतो. पंपाची वीज उन्हाळ्यातही चालू ठेवा. फार दिवस बंद राहिला असेल तर वीज जोडल्यावर १२ तास थांबून मगच सुरू करा. कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस विरघळलेला असतो, तळाचा छोटा हीटर तो हाकलून लावतो. गॅस 'टॉप-अप' करून देणारा मेकॅनिक आला तर नको म्हणा. चक्र सीलबंद असतं, गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी ती शोधायची (सांध्यावर तेलाचा ओघळ हा पहिला पुरावा), बुजवायची, व्हॅक्यूम करायचं आणि मग पाटीवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरायचं.

गॅसची निवड आणि इतर

नवा पंप घेताना आर-२९०, म्हणजे प्रोपेनवर चालणारा बघा. हवामान तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत ३ किंवा त्याहूनही कमी धरतात, इतर पंपांतल्या आर-३२ ची ६७५ आणि आर-४१०ए ची २०८८. शिवाय तो ७० अंशांपर्यंत पाणी देऊ शकतो, त्यामुळे साप्ताहिक ६० अंशांचं चक्र रॉडशिवाय होतं. ७० देतो म्हणून ७० वर चालवायचा मात्र नाही. प्रोपेन जळणारा आणि हवेपेक्षा जड आहे. खिडकी, दार, गटाराचं तोंड किंवा तळघराची झडप यांपासून कंपनीने सांगितलेलं अंतर, बहुधा १ मीटर, पाळलंच पाहिजे.

आवाजाची भीती आता फारशी राहिलेली नाही. रबरी पाय आणि लवचिक नळ्या वापरा, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवू नका. शांत मोड क्षमता कमी करतो, कडक थंडीच्या रात्री तो बंद ठेवा.

बॅकअप हीटरकडे मात्र बारीक लक्ष हवं. ३ किंवा ६ किलोवॅटचा हा रॉड कर्व्हच्या चुकीमुळे, चिकटलेल्या कॉन्टॅक्टरमुळे किंवा कुणी 'बूस्ट' दाबून विसरल्यामुळे महिनोन् महिने मुकाट्याने चालू राहतो. घर गरम असतं, तक्रार नसते, फक्त बिल फुगतं. नियंत्रकावर त्याच्या तासांची नोंद असते. महिन्यातून एकदा ती वाचा. कडाक्याची थंडी आणि साप्ताहिक चक्र सोडून आकडा हलत असेल तर कारण शोधा.

ज्या घरात खिडक्या-दारांतून वारा शिरतो, छतावर इन्सुलेशन नाही किंवा जिथे आठवड्यातून दोनच दिवस कुणी राहतं, तिथे हा पंप आधी घेऊ नये. पैसे पहिल्यांदा फटी बुजवण्यात आणि छतात घाला, मग लहान पंप पुरतो.

पंप बसवून झाला की शेवटचे पैसे देण्याआधी बसवणाऱ्याकडून काही गोष्टी कागदावर घ्या: खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब, कर्व्हचे दोन्ही टोकांचे आकडे, जास्तीत जास्त क्षमतेला मिनिटाला किती लिटर प्रवाह मिळाला, थंड असतानाचा दाब, एक्स्पान्शन टँकमधली हवा, ग्लायकॉल असेल तर टक्केवारी, आणि बॅकअप हीटर कोणत्या तापमानाखाली सुरू व्हायला ठेवला आहे तो आकडा. जाळी कुठे आहे ते त्याला बोटाने दाखवायला सांगा आणि त्याच्यासमोर एकदा स्वतः उघडून बघा.